दहा मिनिटं

१

डोंगरातलं वरचं घर उघडायची एक रीत होती आणि ती तुरिदच्या हातांना पाठ होती. आधी खिडक्यांवरच्या फळ्या काढायच्या. मग लोखंडी शेगडी पेटवायची. ओढ्यावर जाऊन बर्फातलं भोक कुदळीने मोकळं करायचं, बादलीभर पाणी आणायचं आणि कॉफी ठेवायची. कॉफीला उकळी येईपर्यंत टेबलाच्या खणातून वही काढून तारीख टाकायची. चाळीस ईस्टर याच क्रमाने सुरू झाले होते.

या वर्षी पाणी इंगुनने आणलं. बर्फावरच्या स्कूटरवरून तिने आईबाबांना वर आणून सोडलं होतं आणि हॉस्पिटलातल्या ड्यूटीसाठी तिला लगेच खाली परतायचं होतं. बादली ओट्याशी ठेवून तिने हातमोजे झटकले.

"आई, अजून विचार कर. तीन दिवस तू एकटी बाबांना घेऊन इथे राहणार?"

"एकटी कुठे? आम्ही दोघं आहोत."

"मी तेच म्हणतेय." इंगुनने बाकावर बसलेल्या बापाकडे पाहिलं. हाल्वर संत्रं सोलत होता. सोलत होता म्हणजे सालीवरून नुसता अंगठा फिरवत होता. "शनिवारी संध्याकाळी येते मी. हवा बिघडली तर रविवारी. आणि फोन लागायला मागच्या टेकाडावर चढावं लागतं, विसरू नकोस."

"विसरायचं खातं तुझ्या बाबांकडे आहे," तुरिद म्हणाली. "माझ्याकडे नाही."

इंगुन हसली नाही. जाताना तिने दार ओढून घेतलं, तसा आतला अडसर दोरीच्या फासात थरथरला. तो एका खिळ्यावर फिरणारा लाकडी दांडका होता. एरवी उभा करून दोरीच्या फासात अडकवून ठेवायचा आणि वादळ आलं की खाली पाडून खोबणीत बसवायचा. दोरी फार जुनी झाली होती. दार जोरात आपटलं तर अडसर आपोआप पडेल, हे हाल्वर गेली वीस वर्षं म्हणत होता आणि पुढच्या ईस्टरला दुरुस्त करणार होता.

२

डोंगरातल्या घरांच्या वहीचा एक नियम असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, पण पाळतात सगळे. वहीत वाईट काही लिहायचं नाही. हवा लिहायची, बर्फ कसा होता ते लिहायचं, काय खाल्लं, किती लांब गेलो, कोण आलं, ते लिहायचं. हाल्वरच्या भावाचा, आर्नेचा, पाय पहिल्याच उतारावर मोडला होता. त्या दिवशी वहीत आलं, 'आर्नेने अंगणात बसून उन्हाची मजा घेतली.' भांडण झालं की 'शांत संध्याकाळ' आणि तीन दिवस वादळात कोंडून पडलं की 'पत्त्यांना रंग चढला'. या माणसांना रडगाणं गायला कुणी शिकवलंच नसावं. वही वाचणाऱ्याला वाटावं, या घरात चाळीस वर्षं नुसता उन्हाचाच सडा पडत होता.

तुरिद त्या वहीसाठीच वर आली होती.

येत्या मंगळवारी हाल्वर वृद्धाश्रमात जायचा होता. खोली मिळाली होती, त्याच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्याही शिवून झाल्या होत्या. दोन वर्षांत त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली होती. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग नोकरी, मग लग्न आणि इंगुनचा जन्म. तुरिद कोण हे कधी कळायचं, कधी नाही. एक दुपार मात्र त्याच्याजवळ शिल्लक होती. खाली द्रामेन शहरातल्या घरी रोज सव्वाचारला तो उठायचा, दारापाशी जायचा आणि आतल्या बाजूने दारावर तीन थापा मारायचा.

"तुरिद, उघड ना," तो म्हणायचा. "हात गेले माझे."

विस्मरणाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना, बेरितना, तुरिदने एवढंच सांगितलं होतं की एकदा तो थंडीत बाहेर अडकला होता. बेरितनी मान डोलावली होती.

"असंच होतं. चांगला दिवस डोक्याला काही काम सांगत नाही. खाल्लं, हसलो, झोपलो, संपलं. वाईट दिवस सांगतो, हे पुन्हा होऊ देऊ नकोस. म्हणून डोकं तो दिवस हाताशी ठेवतं आणि सारखं काढून बघतं. जितकं बघावं तितका तो पक्का होतो. घर रिकामं करताना आग विझवायचं सामान आपण शेवटी काढतो ना, तसं."

"मग मी काय करू?"

"चांगले दिवस सांगा त्यांना. पण नुसतं 'मजा आली होती, आठवतं का' म्हणू नका. त्याला पकडायला काही नसतं. कोण पडलं, काय करपलं, कसला वास होता, असं सांगा. एखादा दिवस रुतला तर रुतला."

तुरिदला एवढंच हवं होतं. त्या परक्या खोलीत हाल्वर एकटा बसेल, तेव्हा त्याच्याजवळ तिचा एक तरी चांगला दिवस असावा. नाहीतर मरेपर्यंत ती त्याच्या लेखी दार न उघडणारी बाई राहणार होती. याची तिला मनातून लाज वाटायची आणि भीती त्याहून जास्त वाटायची.

३

गुरुवारी सकाळी पठारावर डोळे दिपवणारं ऊन होतं. तुरिदने हाल्वरला खिडकीशी बसवलं, गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण घातलं आणि वही उघडली.

पानं उलटताना एक पान तिने दोन बोटांत धरून, न बघता पलीकडे टाकलं. बघायची गरजच नव्हती. १९९१ चा ईस्टर. हाल्वरचं अक्षर उभं, रस्ते आखणाऱ्या माणसाचं, एका रेषेत चालणारं होतं. फक्त त्या एका पानावर ते डावीकडे कललेलं होतं, कारण उजव्या हाताला बँडेज होतं आणि त्याने डाव्या हाताने लिहिलं होतं. 'ऊन होतं. वॅफल्स केले. छान सहल.' एवढंच.

ती १९९६ वर थांबली.

"ऐक," ती म्हणाली. "'आज कोल्ह्याने आमचं जेवण पळवलं. इंगुनने सॉसेज बर्फात पुरून त्यावर झेंडा रोवला होता. कोल्ह्याला वाटलं, आपल्यालाच आमंत्रण आहे.'"

हाल्वरने मान वर केली.

"'तुरिद एका पायात स्की घालून त्याच्यामागे धावली आणि ओढ्याच्या उतारावर सपशेल आडवी झाली. कोल्हा थांबून बघत होता. इंगुन म्हणाली, आई, तो तुला हसतोय.'"

आणि हाल्वर हसला. तोंडातल्या तोंडात नाही, तर पूर्वीसारखा, खांदे हलवत.

"झेंडा," तो म्हणाला. "झेंडा पण नेला त्याने."

हे वहीत नव्हतं. तुरिदने पान पुन्हा पाहिलं, खरंच नव्हतं. म्हणजे हे त्याच्या डोक्यातून आलं होतं. तिचे डोळे भरून आले, तिने त्याचा हात हातात घेतला आणि तसाच धरून बसली. अनामिका आणि करंगळी पहिल्या पेरापाशी संपलेल्या, गुळगुळीत. ती दोन बोटं तिच्या ओळखीची होती. इतर वेळी ती त्यांना धरायचं टाळायची.

दुपारी तिने सूप तापवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले आणि दारावर तीन थापा पडल्या.

सवयीने ती म्हणाली, "हो हो, हाल्वर, बस बघू." आणि मग तिने वर पाहिलं. हाल्वर तिच्या समोर बसला होता. त्याच्या हातात चमचा होता.

"कुणीतरी आलंय," तो म्हणाला. "तू उघडणार आहेस का?"

तिने दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरीवर बर्फ जसाच्या तसा होता, एकही ठसा नाही. छपराच्या कडेवरून वितळता बर्फ टपटपत होता. छपरावरून ढेकळं घसरतात तेव्हा असाच धप्प आवाज होतो, ती स्वतःशी म्हणाली. तीनदा होऊ शकतो. का होऊ शकत नाही?

४

काय झालं होतं ते इतकंच होतं.

१९९१ साली हाल्वर समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला होता. दोन आठवडे समुद्रात आणि चार आठवडे घरी. त्या ईस्टरला करार संपणार होता, आणि मग तो घरीच राहणार असं ठरलं होतं. वॅफल खाता खाता त्याने सांगितलं की आणखी दोन वर्षांसाठी सही केली. मागच्या महिन्यातच केली. विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

तुरिद ओरडली नाही. तिने त्याला पाणी आणायला पाठवलं. तो गेला आणि तिने अडसर पाडला.

वारा सुटला होता. बादली भरताना त्याचा उजवा हातमोजा भिजला. तो परत आला, तीन थापा मारल्या. मग थांबून आणखी तीन. तिने अंगात लाल स्वेटर घातला होता, पांढऱ्या नक्षीचा, सासूबाईंनी विणलेला. करपलेल्या वॅफलचा वास येत होता. तीन वर्षांची इंगुन आतल्या खोलीत झोपली होती. तुरिद शेगडीशी बसून राहिली. घड्याळ समोरच होतं. 'अजून थोडं,' ती मनात म्हणत होती. 'कळू दे त्याला, बाहेर राहिलेल्या माणसाला कसं वाटतं.' मग तिने दार उघडलं. दहा मिनिटांनी.

लोकांना सांगितलं की हातमोजा ओढ्यात वाहून गेला. हाल्वरने पुढे कधी एका शब्दाने तो विषय काढला नाही. त्या बोटांनी फलाटावरची नोकरी जमणार नव्हती, म्हणून त्याने रस्त्यांच्या कचेरीत नोकरी धरली आणि रोज साडेचारला घरी येऊ लागला. पुढचे सगळे ईस्टर, तो कोल्हा, ते सॉसेज, सगळं त्या दुपारच्या जिवावर मिळालं होतं. तुरिदला हे कळत होतं. स्वेटर तिने त्याच वसंतात चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत देऊन टाकला.

दहा मिनिटं. हा आकडा तिने इतक्या वेळा मनात घोळवला होता की तो आता तासून गुळगुळीत झाला होता.

५

शुक्रवारी सकाळी हाल्वरने तिला परक्यासारखी 'अहो बाई' म्हणून हाक मारली. त्याच्या डोक्यातून कोल्हा गेला होता.

"थांब, पुन्हा वाचते," ती म्हणाली आणि वही उघडली.

१९९६ च्या पानावर तारीख होती. तारखेखाली डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'ऊन होतं. वॅफल्स केले. छान सहल.'

आपण चुकीचं पान काढलं, असं आधी तिला वाटलं. तिने मागचं-पुढचं पाहिलं. १९९१ जागच्या जागी होतं. त्याच ओळी, तेच कललेलं अक्षर, 'सहल'मधला ल तसाच लटपटलेला. आणि १९९६ वरही तेच. कोल्हा, झेंडा, एका पायातली स्की, काही नव्हतं.

तुरिद उठली, चष्मा पुसला, शेगडीत दोन लाकडं सरकवली आणि परत येऊन बसली. नीट विचार कर, ती स्वतःला म्हणाली. काल तू वाचत होतीस की आठवून सांगत होतीस? दरवर्षी आपण लिहितो तरी काय? ऊन, वॅफल्स, छान सहल. प्रत्येक घराच्या प्रत्येक वहीत हेच असतं. सहासष्ट वर्षांच्या बाईने मनाने काही जोडलं असेल. पण अक्षर? एखादे वेळी हाल्वरचा हात दुखत असेल.

तिने इतर पानं चाळली. १९८७ कललेलं होतं. १९९८ कललेलं होतं. २००४ ला आर्नेचं सगळं कुटुंब आलं होतं आणि पान गच्च भरलं होतं, याबद्दल ती शपथ घ्यायला तयार होती. तिथेही त्याच तीन ओळी होत्या. मग २००४ ला नक्की काय झालं होतं, ते ती आठवू लागली. माणसं खूप होती. हसलो होतो. कशाला हसलो होतो? तिने डोळे मिटून घेतले. तिला दिसला तो लाल स्वेटरच्या बाहीवरचा सुटलेला टाका.

सव्वाचारला थापा पडल्या. या वेळी ती तयार होती, दाराशी उभीच होती. तिसरी थाप पडायच्या आत तिने दार ओढलं.

कुणी नव्हतं. पण ओढ्यापासून पायरीपर्यंत पावलं उमटली होती. येणारी होती, जाणारी नव्हती. पुढून चौकोनी टोकाची, जुन्या स्कीच्या बुटांची. तसले बूट त्या घरात वीस वर्षांपासून नव्हते. पायरीवर पाण्याने भरलेली बादली होती आणि पाण्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरला होता.

"तू बाहेर गेला होतास का?" तिने हाल्वरला विचारलं. "मी मागे संडासला गेले तेव्हा?"

"मी बाहेरच होतो," हाल्वर म्हणाला. "बराच वेळ."

त्याचे बूट दाराशी होते. तिने आत हात घालून पाहिलं. कोरडे होते.

६

ती फोन घेऊन टेकाडावर चढली. सूर्य अजून चांगला वर होता, पण पश्चिमेकडे ढगांची एक राखाडी पट्टी दिसू लागली होती.

"आई? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. इंगुन, तुला तो कोल्हा आठवतो ना? तू सॉसेज पुरलं होतंस ते? झेंडा लावला होतास."

"कोल्हा?" इंगुनच्या मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती. "आपल्याकडे? नाही गं. तू दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेयस."

"आठ वर्षांची होतीस. म्हणालीस, आई, तो तुला हसतोय."

"नाही आठवत. खरं सांगू? मला वरच्या घराचं फारसं काही आठवतच नाही. छान होतं एवढं माहीत आहे. नुसतं छान. एकच आठवतं. बाबा बाहेरून दार वाजवत होते आणि तू शेगडीशी बसली होतीस. लाल स्वेटर घालून."

वारा कानात शिरत होता, तुरिदने टोपी खाली ओढली.

"तू झोपली होतीस."

"आतल्या खोलीचं दार थोडं उघडं होतं. मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, पण तेव्हा वाचता कुठे येत होतं." इंगुनचा आवाज शांत होता. पेशंटला काही विचारताना तिचा असाच आवाज होत असणार. "आई, किती वेळ वाजवत होते ते?"

"दहा मिनिटं."

चाकांचा आवाज लांब गेला.

"बरं," इंगुन म्हणाली. "उद्या येते मी. पण हवा बिघडतेय असं सांगतायत. काळजी घे."

टेकाडावरून उतरताना तुरिदला रडू आलं. तीसहून अधिक वर्षं त्या पोरीने हे पोटात ठेवलं होतं, सोबत जेवली होती, हसली होती, आईच्या वाढदिवसाला केक केले होते. आणि तिच्याजवळही शेवटी तेवढंच राहिलं होतं.

७

शनिवारी सगळी वही कललेली होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, चाळीस तारखा आणि त्यांच्याखाली त्याच तीन ओळी. आपण कितीतरी काही गमावलं आहे हे तुरिदला कळत होतं, पण काय गमावलं ते सांगता येत नव्हतं. दिवस चांगले होते यात शंका नव्हती. फक्त त्यातल्या एकालाही नाक-डोळे उरले नव्हते.

दुपारपर्यंत ती शेगडी आणि टेबल यांच्यामध्ये येरझारा घालत राहिली. मग तिला वाटलं, चूक आपली आहे. चांगल्या दिवसांना आपण तीन शब्दांत उरकलं आणि जो दिवस लिहून मोकळं व्हायला हवं होतं, तो न लिहिता बाहेर उभा ठेवला. तो तिथेच उभा आहे. तो दार वाजवणारच.

तिने वहीचं कोरं पान काढलं आणि चाळीस वर्षांचा नियम मोडला. तिने सगळं लिहिलं. सही, वॅफल, बादली, अडसर. 'मला राग आला होता आणि त्याला दुखवायचं होतं,' असं लिहिलं. एकाच ठिकाणी लेखणी क्षणभर अडली, मग तिने लिहिलं, 'दहा मिनिटांनी मी दार उघडलं.'

मग ती हाल्वरसमोर बसली आणि मोठ्याने वाचलं. तो नीट ऐकत होता, शाळेतल्या मुलासारखे हात गुडघ्यांवर ठेवून.

"माफ कर मला," ती म्हणाली. हे ती त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती.

"त्या माणसाला तू शेवटी आत घेतलंस ना?"

"घेतलं."

"मग ठीक आहे." तो विचार करत होता, हे दिसत होतं. त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला, दोन तोकड्या बोटांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा कधी नव्हे इतका स्वच्छ झाला. "दहा मिनिटांत असं होत नाही, तुरिद," तो हळूच म्हणाला.

सव्वाचार झाले. दारावर तीन थापा पडल्या.

८

दार उघडताना तिला भीतीपेक्षा घाईच जास्त होती. कुणी असेल त्याला आत घ्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बाहेर ऊन होतं, पण पलीकडचं पठार पांढुरकं होऊन दिसेनासं झालं होतं. पावलं पायरीपर्यंत आली होती. बादली मात्र आज पायरीवर नव्हती, चारेक पावलांवर, स्की उभ्या करायच्या खांबाशी होती. ती आत आणली की झालं, असं तिला वाटलं. का वाटलं, ते सांगता येणार नाही. अंगात घरातला सदरा आणि पायात लोकरीचे मोजे, तशीच ती गेली. लोखंडी कडी उजव्या हाताने धरून तिने बादली उचलली, पाणी हिंदकळलं आणि मनगटापर्यंत ओघळलं.

वाऱ्याचा झोत आला. दार आपटलं. आत लाकूड लाकडावर पडल्याचा आवाज झाला.

"हाल्वर!" तिने हाक मारली. "अडसर पडलाय. वर कर तो!"

दोरी तुटली असणार. किती वर्षं म्हणत होता तो. तिने दार ढकललं, खांदा लावला, मग तीन थापा मारल्या. थापा मारल्यावर तो आवाज तिने ओळखला आणि ती हात खाली घेऊन उभी राहिली. थोड्या वेळाने ती भिंतीला धरून खिडकीशी गेली.

हाल्वर टेबलाशी उभा होता. त्याने तिची हाक ऐकली होती, कारण तो दाराकडे बघत होता. मग त्याने शेगडीकडे पाहिलं, कुणाची परवानगी विचारावी तसं. शेगडीपाशी एक बाई खिडकीकडे पाठ करून बसली होती. केसांची एकच वेणी आणि अंगात पांढऱ्या नक्षीचा लाल स्वेटर होता. हात मांडीवर होते. ती मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

तुरिदने काचेवर मूठ आपटली. बाई वळली नाही.

हाल्वर हळूच खाली बसला. त्याने वही पुढे ओढली, लेखणी डाव्या हातात घेतली आणि लिहू लागला. तीन ओळी. लिहून झाल्यावर त्याने वही मिटली आणि संत्रं सोलायला घेतलं.

वारा वाढला होता. खिडकीतून घड्याळ स्पष्ट दिसत होतं. चार पंचवीस झाले. दहा मिनिटं संपली आणि बाई जागची हलली नाही. तुरिद दारापाशी परत गेली, पुन्हा थापा मारल्या. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना लाकूड लागल्याचं कळत नव्हतं. तिने ती काखेत घातली. तिला त्या बाईचा राग आला नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते तुरिदला शब्दन् शब्द माहीत होतं. अजून थोडं. अजून थोडं.

बाई दार उघडेल, याची तिला खात्री होती. आणि किती वाजता उघडेल, ते तिला त्या पहिल्या दुपारपासून माहीत होतं.